फिलिपची रसद, अलेक्झांडरची दौड

प्रश्नात तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. ग्रीकांनी अर्धरानटी ठरवलेलं, मेंढपाळांचं मॅसिडोनिया तीस-पस्तीस वर्षांत थेट पंजाबपर्यंत कसं पोचलं? त्याचं श्रेय फिलिपला द्यायचं की त्याच्या मुलाला, अलेक्झांडरला? आणि झेलमच्या काठी पोरसने अलेक्झांडरला हरवलं म्हणून तो मागे फिरला, हे खरं का?

मी इतिहासाकडे आलो तो रसदेच्या वाटेने. सैन्याच्या पुरवठा विभागात चोवीस वर्षं काढली. त्यातली काही डोंगरी ठाण्यांवर, खेचरांच्या तुकडीबरोबर. निवृत्तीनंतर प्राचीन युद्धांचा इतिहास शिकवतो. त्यामुळे कुठल्याही मोहिमेचं वर्णन वाचलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो पोटाचा: ही माणसं खात काय होती आणि ते वाहून कोण नेत होतं? मॅसिडोनियाच्या बाबतीत हा प्रश्न शेवटपर्यंत लावून धरला, तर तिन्ही उत्तरं त्याच एका धाग्यात सापडतात असा माझा अनुभव आहे. (पुढची सगळी सालं इसवी सनापूर्वीची आहेत.)

३५९ पासून सुरुवात करू. त्या वर्षी मॅसिडोनियाचा राजा पर्डिकस तिसरा पश्चिमेच्या इलिरियन टोळ्यांशी लढताना ४,००० माणसांसह पडला. डोंगराकडचा मुलूख इलिरियन राजा बार्डिलिसच्या पंजात गेला. उत्तरेकडून पायोनियन लोक लुटालूट करत उतरले. गादीवर हक्क सांगणाऱ्या एकाला थ्रेसच्या राजाने पुढे केलं, दुसऱ्याला अथेन्सने. अशा वेळी राज्य हाती आलं ते पर्डिकसच्या धाकट्या भावाच्या, फिलिपच्या. वय अवघं तेविशीच्या आसपास. कोवळ्या वयात त्याला थीब्जमध्ये ओलीस म्हणून ठेवलं होतं. थीब्ज त्या काळी ग्रीसमधली सगळ्यात बलवान सत्ता होती. तिथल्या एपामिनोंडस या सेनापतीने ३७१ मध्ये ल्यूक्ट्राला स्पार्टाचा कणा मोडला होता, तोही आपली एक बाजू पन्नास रांगा खोल करून. लढाई नुसत्या शौर्याने जिंकता येत नाही, ती आधी आखावी लागते, हे पोरसवदा फिलिपने तिथे डोळ्यांनी पाहिलं.

गादीवर आल्यावर त्याने आधी पैसे वाटले. पायोनियनांना दिले, थ्रेसच्या राजाला दिले. अथेन्सचा जीव ॲम्फिपोलिस या शहरात अडकला होता. तिथली मॅसिडोनियन शिबंदी काढून घेऊन त्याने त्यांना गप्प केलं. या सगळ्यातून त्याने वेळ विकत घेतला, आणि तो वेळ कवायतीत घातला. पुढच्याच वर्षी, ३५८ मध्ये, १०,००० पायदळ आणि ६०० घोडेस्वार घेऊन त्याने बार्डिलिसला गाठलं. ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो की इलिरियनांचे ७,००० लोक पडले. वर्षापूर्वी जे सैन्य कापलं गेलं होतं, त्याच मुलखातल्या त्याच तऱ्हेच्या माणसांनी हा विजय मिळवला. या एका वर्षात काय बदललं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं, म्हणून इथे जरा थांबतो.

सरिसाबद्दल सगळे वाचतात. कॉर्नेल नावाच्या चिवट लाकडाचा हा भाला बारा हातांपर्यंत, म्हणजे साधारण साडेपाच मीटर लांब असे. तो दोन्ही हातांनी धरावा लागे, म्हणून ढाल लहान आणि गळ्यात अडकवलेली. पहिल्या पाच रांगांची टोकं समोर येत, मागच्यांचे भाले तिरपे उभे. समोरून अशा भिंतीवर चालून जाणं ही आत्महत्याच. आणखी एक फायदा सहसा लक्षात येत नाही. ग्रीक नगरराज्याचा शिपाई आपलं जड चिलखत आणि मोठी ढाल स्वतःच्या खर्चाने आणत असे, म्हणजे तो खाऊनपिऊन सुखी शेतकरी असावा लागे. मॅसिडोनियात असे लोक कमी होते. लांब काठीला पातं आणि छोटी ढाल एवढंच हत्यार असलं, की ज्याच्याकडे काहीच नाही असा धनगरही उभा करता येतो. त्याच्या अंगावर लोखंड कमी, पण खांद्याला खांदा लावून एका ठेक्यात चालण्याची सवय जास्त. ती सवय लावायला रोजची कवायत हवी, आणि रोज कवायत करणाऱ्याला रोज जेवायला घालावं लागतं.

फिलिपचं खरं मोठेपण मला इथे दिसतं. त्या काळच्या ग्रीक सैन्यात जवळपास प्रत्येक जड शिपायामागे ढाल आणि शिधा वाहणारा एक नोकर असे. शिवाय बैलगाड्या, बायका, फेरीवाले. बुणगे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. फिलिपने गाड्या बंद केल्या. घोडेस्वाराला एकच मोतद्दार, आणि पायदळात दहा माणसांमागे एक नोकर, तोही जाती आणि दोर वाहण्यापुरता. उन्हाळी मोहिमेला निघताना प्रत्येकाने तीस दिवसांचं पीठ आपल्या खांद्यावर घ्यायचं. शिरस्त्राण, ढाल, सरिसा आणि शिधा अंगावर घेऊन तो त्यांना एका दमात ३०० स्टेडिया, म्हणजे पन्नास किलोमीटरांहून जास्त चालवत असे, असं पॉलिएनस या ग्रीक लेखकाने नोंदवलं आहे. लढाईचा सराव सगळेच सेनापती घेत. चालण्याचा इतका सराव घेणारा त्या काळात मला दुसरा दिसत नाही.

हे किती महत्त्वाचं, ते आकड्यांत सांगतो. हिशेब माझा आहे, खेचरांबरोबर चाललेल्या माणसाचा. चालणाऱ्या शिपायाला दिवसाला साधारण दीड किलो धान्य लागतं, घोड्याला चार-साडेचार किलो दाणा, गवत वेगळं. ४५,००० माणसं आणि ६,००० घोडी धरली, तर रोजचं धान्य ९० टनांच्या आसपास जातं. खेचर डोंगरात शंभर किलो नेतं, पण ते स्वतःही खातं. दहा दिवसांच्या वाटेवर पाठीवरचं ४५ किलो त्याच्याच पोटात जातं. म्हणजे दहा दिवस वाटेत काहीच मिळालं नाही, तर या सैन्याला सोळा हजारांवर खेचरं हवीत. बाविसाव्या दिवशी खेचराने पाठीवरचं सगळं संपवलेलं असतं, मग शिपायासाठी उरतं शून्य. जनावरं वाढवून हा प्रश्न सुटत नाही, उलट अडकत जातो. सुटतो तो दोनच वाटांनी: तोंडं कमी करा, आणि वेगाने चालून पुढच्या धान्याच्या कोठाराशी आधी पोचा. फिलिपने दोन्ही केलं.

अथेन्सचा वक्ता डेमोस्थिनिसला हे समजलं होतं. त्याची तक्रार अशी, की पूर्वी स्पार्टासारखी राज्यं चार-पाच महिने, तेही चांगल्या ऋतूत, शत्रूच्या मुलखात घुसत आणि घरी परतत. या फिलिपला मात्र उन्हाळा आणि हिवाळा सारखाच. फिलिपला हे जमलं, कारण त्याच्या शिपायाला पेरणी-कापणीसाठी घरी जाण्याची गरज उरली नव्हती. त्याला पगार होता. ३५७ मध्ये फिलिपने ॲम्फिपोलिस घेतलं, तसं स्ट्रायमन नदीचं खोरं, तिथलं लाकूड आणि पॅन्गेऑन डोंगराकडची वाट हाती आली. पुढच्या वर्षी क्रेनिडीस गाव ताब्यात घेऊन त्याला स्वतःचं नाव दिलं, फिलिपी. तिथल्या खाणींतून वर्षाला हजारावर टॅलेंट निघू लागले. टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो चांदीचं मोल. पूर्वी मॅसिडोनियाचं लाकूड अथेन्सची गलबतं बांधायला जात असे. आता मॅसिडोनियाचं सोनं ग्रीक शहरांच्या राजकारणात फिरू लागलं.

डोंगराकडचे सरदार पूर्वी अर्धे स्वतंत्र होते. त्यांची मुलं फिलिपने राजधानी पेल्लाच्या दरबारात आणून वाढवली. ती राजाची खिदमतगारी करत, शिकारीला जात, लढाई शिकत. बापाच्या इमानाची हमीही त्यांच्यातच होती. मोठे झाल्यावर हेच तरुण घोडदळाचे नायक झाले. हे घोडदळ पाचरीच्या आकारात चालून जाई, आणि पायदळाच्या भाल्यांनी शत्रूला जागेवर अडकवून ठेवलं की ही पाचर बाजूने आत घुसे. ऐरण आणि घण अशी ही जोडी. दोघांच्या मधला सांधा धरायला हिपास्पिस्ट हे निवडक, चपळ पायदळ. नुसत्या सरिसाच्या रांगेला वळता येत नाही, खडबडीत जमिनीवर ती फाटते, कुशीतून कोणी घुसलं तर लोळते. सरिसाचं कौतुक करताना हा सांधा विसरला की मॅसिडोनियन सैन्य कळत नाही.

फिलिप हरलाही. ३५३ मध्ये फोकिस या ग्रीक राज्याच्या ओनोमार्कसने त्याला दोनदा मारून काढलं; पुढच्या वर्षी त्याने परत येऊन हिशेब चुकता केला. मेथोनीच्या वेढ्यात त्याचा उजवा डोळा गेला. ३४० मध्ये पेरिंथस आणि बायझँटियम ही दोन बंदरं त्याला घेता आली नाहीत. नवी पीळदार दोरांची दगडफेकी यंत्रं असूनही नाहीत, कारण समुद्र त्याच्याकडे नव्हता आणि शहरांना अन्न गलबतांनी पोचत होतं. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे टायर शहराच्या वेढ्याला उपयोगी पडेल. ३३८ च्या ऑगस्टमध्ये कायरोनियाला त्याने ३०,००० वर पायदळ आणि २,००० घोडेस्वारांनिशी अथेन्स आणि थीब्जच्या जोडफौजेला हरवलं. डाव्या बगलेवर अठरा वर्षांचा अलेक्झांडर होता. थीब्जची तीनशे जणांची ‘पवित्र तुकडी’ जागेवरच संपली. तिथल्या दगडी सिंहाखाली उत्खननात २५४ सांगाडे ओळीने मांडलेले सापडले. पुढच्या वर्षी ग्रीक शहरांचा संघ करून फिलिप त्याचा सेनापती झाला, आणि ३३६ मध्ये पार्मेनियन या ज्येष्ठ सेनापतीला १०,००० माणसं देऊन आशियात पुढे धाडलं. त्याच वर्षी मुलीच्या लग्नात, एगाईच्या नाट्यगृहात, त्याच्याच एका अंगरक्षकाने त्याला भोसकलं.

म्हणजे अलेक्झांडरला वारशात काय मिळालं? कसलेलं सैन्य, तयार सेनापती, वाकवलेला ग्रीस, समुद्रापलीकडे टेकलेला पाय आणि रिकामी तिजोरी. ३३४ च्या वसंतात तो साधारण ३२,००० पायदळ आणि ५,००० घोडेस्वार घेऊन हेलेस्पाँटची सामुद्रधुनी ओलांडून आशियात गेला, तेव्हा त्याच्याजवळ ७० टॅलेंट आणि तीस दिवसांचा शिधा होता, असं चरित्रकार प्लुटार्क जुन्या लेखकांच्या आधाराने सांगतो.

तीस दिवस. हा आकडा वाचला की आजही माझ्या पोटात गोळा येतो. समोर इराणच्या बाजूने लढणारा ऱ्होड्सचा मेम्नॉन होता, आणि त्याने नेमकं दुखरं ठिकाण ओळखलं होतं. त्याने क्षत्रपांना, म्हणजे इराणी सुभेदारांना, सांगितलं: लढू नका, मागे सरा, पिकं जाळा, गावं ओस पाडा, या माणसाजवळ खायला नाही. आर्सितीस हा तिथला क्षत्रप म्हणाला, माझ्या रयतेचं एकही घर जळू देणार नाही. माणूस म्हणून त्याचं बोलणं मला पटतं. सेनानी म्हणून मात्र त्या एका नकारात इराणी साम्राज्याचं भवितव्य ठरलं असं मी वर्गात दरवर्षी सांगतो. ग्रॅनिकस नदीवर लढाई झाली, अलेक्झांडरच्या डोक्यावर उगारलेला हात क्लायटस या त्याच्या अधिकाऱ्याने वेळेवर छाटला म्हणून तो वाचला, आणि सुपीक किनारपट्टीची दारं उघडली. आर्सितीसने नंतर जीव दिला.

त्यानंतर मिलेटस बंदराशी अलेक्झांडरने आपलं आरमार मोडून टाकलं. पुष्कळांना हा वेडेपणा वाटतो. आता हिशेब करा: १६० गलबतं, दर गलबताला सुमारे २०० माणसं, म्हणजे ३२,००० तोंडं. पायदळाइतकंच दुसरं सैन्य पोसायचं, पगार द्यायचा, आणि एवढं करूनही इराणचं आरमार वरचढच. त्याऐवजी त्याने ठरवलं की किनाऱ्यावरची सगळी बंदरं जमिनीवरून घ्यायची, म्हणजे शत्रूच्या गलबतांना पाणी आणि धान्य घ्यायला जागाच उरणार नाही. ही कल्पना ज्याच्या डोक्यात आली त्याच्या बुद्धीला मी मनापासून सलाम करतो. इथे बापाचं देणं संपतं आणि मुलाचं स्वतःचं सुरू होतं.

३३३ मध्ये इससला इराणचा सम्राट दारियसचा पराभव झाला, तो अरुंद जागेत अडकल्यामुळे. त्यावर जास्त लिहीत नाही. टायर मात्र महत्त्वाचं. बेटावरचं शहर, किनाऱ्यापासून सुमारे आठशे मीटर आत, तटाला समुद्राचा वेढा. ३३२ मध्ये सात महिने अलेक्झांडर त्याच्यासमोर अडून राहिला. दगड-लाकूड टाकून समुद्रात बांध घातला, टायरच्या लोकांनी जळतं गलबत सोडून तो पेटवला, त्याने पुन्हा रुंद बांधला. शहर पडलं ते मात्र सायप्रस आणि फिनिशियाची दोनशेच्या आसपास गलबतं त्याच्याकडे फिरल्यावरच. आणि ती फिरली, कारण त्यांची मूळ बंदरं एव्हाना त्याच्या हातात होती. बाप बायझँटियमला समुद्राअभावी परतला होता. मुलाने आधी समुद्र मिळवला. त्यानंतर जे झालं तेही लिहिलंच पाहिजे. ग्रीक इतिहासकार आरियनच्या आकड्याप्रमाणे ८,००० माणसं मारली गेली आणि ३०,००० गुलाम म्हणून विकली गेली. त्याआधी, ३३५ मध्ये, थीब्जचंही त्याने असंच केलं होतं. विजयांचा नकाशा रंगवताना ही शहरं नकाशावरून गेली, हे विसरू नये.

गौगामेलाच्या लढाईत, १ ऑक्टोबर ३३१ रोजी, त्याच्याकडे ४०,००० पायदळ आणि ७,००० घोडेस्वार होते. दारियसकडे दहा लाख होते, असं आरियन लिहितो. दहा लाखांना रोज दीड हजार टन धान्य लागलं असतं. तैग्रिसच्या पलीकडच्या त्या मैदानात ते दोन दिवसही मिळालं नसतं. त्यामुळे हा आकडा मी बाजूला ठेवतो. इराणी सैन्य बरंच मोठं होतं, घोडदळात फारच वरचढ होतं, एवढं पुरे. अलेक्झांडरने आपली उजवी बाजू तिरपी सरकवत नेली, तिला अडवायला इराणी घोडदळ बाजूला ओढलं गेलं, मध्ये खिंडार पडलं, आणि पाचर त्यातून थेट दारियसच्या रथाकडे वळली. त्याच वेळी डावीकडे पार्मेनियन जवळजवळ बुडत होता. मागे राखीव ठेवलेली दुसरी रांग नसती तर निकाल वेगळा लागला असता. बॅबिलोनच्या ज्योतिषांनी मातीच्या विटेवर रोजच्या ग्रहताऱ्यांच्या नोंदीत ही लढाईही टिपून ठेवली आहे: राजाच्या माणसांनी त्याला सोडलं. विजेत्याच्या भाटांनी न लिहिलेली, दुसऱ्या बाजूच्या कोणाची तरी ही एक ओळ. ती मला अतिशय मोलाची वाटते.

बॅबिलोन न लढता उघडलं. सूसा आणि पर्सिपोलिस या इराणी राजधान्यांच्या तिजोऱ्यांत लाखांहून जास्त टॅलेंट निघाले. सत्तर टॅलेंट घेऊन निघालेला माणूस चार वर्षांत जगातला सगळ्यात श्रीमंत राजा झाला, आणि माझ्या मते तिथूनच फिलिपची शिस्त सैल होऊ लागली. शिपायांकडे लूट आली, लूट वाहायला गाड्या आल्या, बरोबर बायका आल्या, मुलं झाली. अलेक्झांडरला ते दिसत होतं. पुढे मोहिमेवर निघताना त्याने आधी आपल्या स्वतःच्या सामानाच्या गाड्या पेटवल्या आणि मग शिपायांच्या. लोकांनी जल्लोषाने आपापल्या गाड्यांना आग लावली, असं सांगतात. पण जाळलेलं सामान पुढच्या विजयात परत जमतं.

बॅक्ट्रिया आणि सोग्डियाना, म्हणजे बाल्ख ते समरकंदचा पट्टा, इथे ३२९ ते ३२७ अशी दोन-तीन वर्षं तो गुंतून पडला. तिथला बंडखोर सरदार स्पिटामेनीस समोर उभा राहून लढत नव्हता. तो तुकड्या तोडत होता. अशा युद्धात सरिसा निरुपयोगी. अलेक्झांडरने सैन्याचे छोटे फिरते भाग केले, ठाणी वसवली, स्थानिक घोडेस्वार भरती केले, रोक्सानाशी लग्न केलं. इथेच समरकंदला, दारूच्या बैठकीत, त्याने क्लायटसला ठार मारलं; ग्रॅनिकसला आपला जीव वाचवणाऱ्या त्याच क्लायटसला. फिलिपच्या जुन्या माणसांपैकी एकेक जण असा गळत होता. पार्मेनियन ३३० मध्येच त्याच्या हुकुमाने मारला गेला होता.

आता पोरसचा प्रश्न. ३२६ मध्ये झेलमच्या, म्हणजे वितस्तेच्या, पलीकडे पोरस २०० हत्ती, ३०० रथ, ४,००० घोडेस्वार आणि ३०,००० पायदळ घेऊन उभा होता. घोडी हत्तींना बुजतात, म्हणून समोरून नदी ओलांडणं अशक्य. अलेक्झांडरने रात्रीमागून रात्री काठावर खोट्या हालचाली केल्या, पोरसचं सैन्य दमवलं, छावणीसमोर आपला सेनापती क्रेटेरसला ठेवलं आणि पावसाच्या रात्री पंचवीसेक किलोमीटर वरच्या अंगाला निवडक माणसांसह नदी पार केली. पोरसच्या रथांची चाकं चिखलात रुतली. लढाई भयंकर झाली, पण हरला पोरस. दारियससारखा तो पळाला मात्र नाही; खांद्याला जखम होऊनही हत्तीवरून शेवटपर्यंत लढला, हे ग्रीक लेखकांनीच आदराने लिहून ठेवलं आहे.

अलेक्झांडर हरला असता तर पुढच्या घटनांचा मेळ बसत नाही. लढाईच्या परिसरात त्याने दोन शहरं वसवली. मग तो पूर्वेकडे आणखी दोन नद्या ओलांडून गेला, आणि सांगलाच्या वेढ्यात पोरस स्वतः हत्ती आणि ५,००० माणसं घेऊन त्याच्या मदतीला आला. पोरसला राज्य परत दिलं, उलट वाढवून दिलं, याचं लोकांना नवल वाटतं आणि तिथूनच शंका निघते. पण हे त्याचं नेहमीचं धोरण होतं. गौगामेलाला त्याच्याविरुद्ध लढलेल्या माझायसलाच त्याने बॅबिलोनचा क्षत्रप केलं होतं. जिंकलेला प्रदेश राखायला माणसं कमी पडत असली की ओळखीचा, धडाडीचा स्थानिक राजा हीच सगळ्यात स्वस्त शिबंदी.

मग बियास नदीवरून तो का फिरला? आठ वर्षं चाललेले पाय. अंगावरचे कपडे गेलेले, घोड्यांचे खूर झिजलेले. डायोडोरसच्या मते सत्तर दिवस सलग पाऊस. आपल्या पावसाळ्यात कधी उघड्यावर तळ ठोकलेल्या माणसाला विचारा: धान्याला बुरशी, चामड्याला वास, लोखंडाला गंज. पुढे गंगेकाठच्या राज्याकडे हजारो हत्ती असल्याची बातमी होतीच. कोइनस या जुन्या सेनापतीने सगळ्यांच्या वतीने सांगितलं, आता पुरे. परतताना चिनाबजवळ नवी कुमक आणि २५,००० चिलखतं येऊन पोचली, आणि जुनी जाळण्यात आली. पुरवठ्याची साखळी मॅसिडोनियापासून पंजाबपर्यंत अजून तुटली नव्हती. फक्त तिला उशीर झाला होता.

ती तुटली ३२५ मध्ये, गेड्रोशियात, आजच्या मकरानच्या वाळवंटात. बेत असा होता की सैन्याने किनाऱ्याने चालायचं, आरमारप्रमुख निआर्कसच्या गलबतांसाठी विहिरी खणायच्या आणि धान्य ठेवायचं, गलबतांनी उरलेलं वाहायचं. मोसमी वाऱ्याने गलबतं अडकली. डोंगरांनी सैन्याला किनाऱ्यापासून दूर ढकललं. कुठेतरी थोडं धान्य मिळालं, ते अलेक्झांडरने स्वतःची मोहर लावून समुद्राकडे पाठवलं. आरियन लिहितो की पहारेकऱ्यांनीच ती मोहर फोडली आणि उपाशी सोबत्यांना वाटून खाल्लं. राजाने शिक्षा केली नाही. माझ्या पूर्ण नोकरीत मी धान्यावरची मोहर फोडणं हा मोठा गुन्हा मानला, आणि तरी हा उतारा वाचताना मला त्या पहारेकऱ्यांची बाजू पटते. गाड्या वाळूत रुतल्या, फोडून टाकाव्या लागल्या. ओहोळाच्या काठी तळ असताना रात्री अचानक लोंढा आला आणि छावणीबरोबरच्या बहुतेक बायका-मुलांना घेऊन गेला. फिलिपने तीस वर्षांपूर्वी गाड्या आणि बुणगे का तोडले होते, याचं उत्तर त्या ओहोळात होतं.

३२४ मध्ये ओपिसला जुन्या शिपायांनी बंड केलं, तेव्हा आरियनने दिलेल्या भाषणात अलेक्झांडर बापाच्या नावानेच सुरुवात करतो: तुम्ही कातडी पांघरून डोंगरात मेंढ्या राखत होतात, त्याने तुम्हाला मैदानात आणलं, शहरांत वसवलं. श्रेयाच्या प्रश्नाला मला याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही. चालणारं सैन्य फिलिपने घडवलं. कुठे, कधी आणि कोणावर चालवायचं, यातली अचूकता अलेक्झांडरची. आणि त्या सैन्याच्या पोटाची मर्यादा कुठे संपते, हेही त्यानेच मकरानमध्ये ओलांडून दाखवलं. ३२३ च्या जूनमध्ये बॅबिलोनमध्ये तो वारला, तेव्हा तेहतिशीही गाठली नव्हती.

हे सैन्य मात्र त्याच्यामागे उरलं. ३१६ च्या सुमारास इराणमध्ये गाबिएनेला त्याचे दोन वारसदार सेनापती, युमेनिस आणि अँटिगोनस, समोरासमोर आले. युमेनिसकडे ‘रुपेरी ढालवाले’ होते, फिलिपच्या वेळचे म्हातारे, ३,००० जण. प्लुटार्क म्हणतो, साठीच्या आतला कोणी नव्हता. समोरच्या तरुण मॅसिडोनियनांना ते ओरडून म्हणाले, बापांवर हात उचलता का रे, आणि त्यांची फळी उधळून लावली. पण त्या खारट मैदानात इतकी धूळ उठली होती, की तिच्या आडून अँटिगोनसच्या घोडेस्वारांनी मागचा तळ लुटला. त्या तळावर या म्हाताऱ्यांच्या बायका होत्या, मुलं होती, तीस वर्षांची कमाई होती. ती परत मिळावी म्हणून त्यांनी आपला सेनापती युमेनिस बांधून शत्रूच्या हवाली केला. अँटिगोनसने युमेनिसला मारलं, आणि रुपेरी ढालवाल्यांतल्या पुष्कळांना अराकोशियात, आजच्या कंदाहारकडे, धाडलं. तिथल्या क्षत्रपाला हुकूम होता: यांना थोडे थोडे करून अशा कामांवर पाठव, की एकही जण परत येऊ नये.